गांडुळाचे पिवळे पाणी

"भाऊसाहेब, जमलं तर आजच येऊन जा. गांडुळं बेडमधून बाहेर पळायला लागलीत. हातात धरलं तर पिवळं पाणी सोडतात. वास तर विचारूच नका."

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागाईतदाराचा हा फोन. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून इथेही नानाच म्हणतो. मे महिन्याचे दिवस. खरड छाटणी होऊन महिना झालेला. नानांच्या शेडमध्ये गांडूळखताचे दोन बेड. एका बेडमधली गांडुळे निवांत होती. दुसऱ्यातली मात्र कडेने वर चढत होती. काही कोपऱ्यात गोळा झाली होती, काही मरून पडली होती. एक उचलून तळहातावर घेतले, तर पाठीवरून पिवळसर चिकट पाणी पाझरले.

"उन्हानं असंल का?" नानांनी विचारले.

ऊन कारण असते तर दोन्ही बेडना लागले असते. शेड एकच, पाणी एकच, शेणही एकाच गोठ्यातले. फरक एवढाच, की दुसऱ्या बेडवर आठ दिवसांपूर्वी छाटणीचा काडीपाला टाकला होता. तो ढीग पाण्याच्या टाकीजवळ पडून होता. छाटणीनंतर बागेला बोर्डोची फवारणी झाली, खोडांना बोर्डो पेस्ट लावली, आणि उरलेसुरले मिश्रण व ड्रम धुतलेले पाणी त्याच ढिगावर ओतले गेले. तो पाला फुकट जाऊ देऊ नका, बेडवर टाका, असा सल्ला देणारा मीच होतो. ढिगावर काय काय ओतले आहे, हे मी विचारले नव्हते.

चूक माझी होती. नानांनी बोल लावला नाही, पण एक प्रश्न विचारला. "हे पिवळं पाणी म्हणजे काय? रक्त म्हणावं तर लाल नाही, मूत म्हणावं तर पाठीतून कसं येतं?" मला उत्तर देता आले नाही. कृषी पदविकेला आम्ही शिकलो ते 'गांडूळ शेतकऱ्याचा मित्र' एवढेच. मित्राच्या अंगात काय आहे, हे कधी पाहिलेच नव्हते. म्हणून दोन्ही बेडमधली चार-चार गांडुळे ओल्या मातीसह डब्यांत घेतली आणि तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांकडे गेलो. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिले आणि सरांकडून जे समजून घेतले, ते बागाईतदार बंधूंच्या कामाचे आहे, म्हणून हा लेख.

नळीत नळी, मध्ये पाणी

गांडुळाचे शरीर म्हणजे एका नळीत घातलेली दुसरी नळी. बाहेरची नळी कातडीची आणि स्नायूंची, आतली नळी अन्नाची. तोंडाकडून माती व पालापाचोळा आत जातो, मागून विष्ठा बाहेर पडते, ती आतल्या नळीतून. या दोन नळ्यांच्या मधली मोकळी जागा म्हणजे देहगुहा. ती रिकामी नसते, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असते. गांडुळाच्या अंगावर वळ्यासारख्या ज्या कड्या दिसतात, त्यांच्या आत पडदे असतात आणि त्यामुळे देहगुहेचे लहान लहान कप्पे होतात.

गांडुळाला हाड नाही. मग ते कठीण जमिनीत घुसते कसे? या पाण्याच्या जोरावर. ट्रॅक्टरचे हायड्रोलिक जसे तेलाच्या दाबावर नांगर उचलते, तसे गांडूळ स्नायू आवळून या द्रवावर दाब आणते. त्यामुळे त्याचे पुढचे टोक ताठ होऊन मातीत शिरते.

रक्त वेगळे असते. ते लाल असते आणि बंद नलिकांतून फिरते. नानांच्या हातावर आले ते रक्त नव्हे, देहगुहेतले पाणी. गांडुळाच्या पाठीवर मध्यरेषेवर, दोन कड्यांच्या मधल्या खाचेत, बारीक छिद्रे असतात. आपल्याकडच्या फेरेटिमा या गांडुळात ती साधारण बाराव्या-तेराव्या कडीपासून सुरू होऊन मागपर्यंत जातात. गांडुळाला इजा झाली, औषध लागले, चटका बसला, किंवा कोणी पक्ष्याने टोचले, की स्नायू आवळले जातात आणि या छिद्रांतून आतले पाणी बाहेर येते. एरवीही थोडेथोडे येऊन ते कातडी ओली ठेवते. गांडूळ कातडीनेच श्वास घेते. कातडी सुकली की संपले.

खताच्या बेडमध्ये आपण जी लालसर गांडुळे पाळतो, त्यांचे शास्त्रीय नाव आयसेनिया फेटिडा. त्यातल्या 'फेटिडा' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी दुर्गंधी. नानांना आलेला वास नावातच आहे.

थेंबातली माणसे

सरांनी नानांच्या चांगल्या बेडमधले एक गांडूळ धुऊन, सौम्य अल्कोहोल घातलेल्या मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवले. त्याने पाणी सोडले. त्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन मला डोळा लावायला सांगितले.

मला वाटले होते नुसते पाणी दिसेल. दिसली ती गर्दी. ढोबळमानाने दोन प्रकारच्या पेशी. एक जात रंगहीन, आकार ठरलेला नाही. टक लावून बघत राहिलो तर कडेने बोटासारखा भाग हळूच पुढे काढून सरकत होती. दुसरी जात गोल, पिवळ्या दाण्यांनी गच्च भरलेली, बाजरीच्या कणसाचा तुकडा असावा तशी. या पेशींचा आकार ढोबळमानाने मिलिमीटरचा शंभरावा ते पन्नासावा भाग. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर पन्नास ते शंभर पेशी सहज ओळीने बसतील.

यांना देहगुहा पेशी म्हणतात. प्रत्येकीचे काम वाटून दिलेले आहे.

रंगहीन सरकणाऱ्या पेशी म्हणजे गांडुळाचे राखणदार. गांडूळ जिथे राहते तिथे मूठभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. कातडीला ओरखडा पडला की ते आत शिरतात. तेव्हा या पेशी जिवाणूला वेढा घालतात, पोटात घेतात आणि पचवून टाकतात. म्हणून त्यांना भक्षक पेशी म्हणतात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हेच काम करतात. पेशी अशा रीतीने शत्रूला खातात हे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ साली समुद्रातल्या तारामाशाच्या पिलात पाहिले आणि पुढे १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास असा बिनहाडाच्या जीवांपासून पुढे गेला.

शत्रू एका पेशीला गिळता न येण्याइतका मोठा असेल, उदाहरणार्थ एखादा सूत्रकृमी, तर अनेक पेशी त्याच्याभोवती थरावर थर चढवतात आणि त्याला कोंडून टाकतात. त्याचे तपकिरी गोळे होतात. हे गोळे हळूहळू शेपटीकडच्या कप्प्यांत जमतात. काही जातींची गांडुळे अशी भरलेली शेपटी चक्क तोडून टाकतात. गावचा कचरा वेशीबाहेर टाकावा, तसा प्रकार.

पिवळ्या दाण्यांच्या पेशींचे मूळ घर आतड्यावर असते. आतड्याच्या बाहेरून पिवळ्या पेशींचा एक थर असतो, त्यांना क्लोरागोजेन पेशी म्हणतात. आपल्या शरीरात यकृत जे काम करते, त्यातले बरेचसे या करतात. साखर आणि चरबी साठवून ठेवणे, प्रथिने वापरल्यावर उरलेल्या नत्राचा अमोनिया व युरिया करून तो बाहेर टाकायला देणे, ही त्यांची कामे. यातल्या काही सुटून देहगुहेच्या पाण्यात तरंगू लागतात. आयसेनियात त्यांचे प्रमाण मोठे असते. त्यांच्यात ब-२ जीवनसत्त्व साठलेले असते, म्हणून विशिष्ट निळ्या-जांभळ्या प्रकाशात त्या चमकतात. नानांच्या हातावरच्या पाण्याचा पिवळा रंग या पेशींमुळे.

पेशींखेरीज या पाण्यात जिवाणूंना मारणारी प्रथिनेही असतात. आयसेनियाच्या पाण्यातले लायसेनिन नावाचे प्रथिन जपानी संशोधकांनी १९९० च्या दशकात वेगळे काढले. ते इतर प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशींच्या आवरणाला भोके पाडते. म्हणजे नानांचे गांडूळ हातावर पाणी सोडत होते, ते रडत नव्हते, लढत होते. आपल्या अंगातले राखणदार ते मुठीने बाहेर फेकत होते.

आपल्या देशातही यावर जुने काम आहे. लखनौ विद्यापीठाचे प्रा. कर्म नारायण बहल यांनी १९२६ साली फेरेटिमा या भारतीय गांडुळावर पुस्तक लिहिले. पुढे आपल्या कॉलेजांतले कित्येक विद्यार्थी गांडूळ शिकले ते त्या कामाच्या आधाराने. फेरेटिमाच्या पाण्यात चार प्रकारच्या पेशी सांगतात. संख्येने आणि आकाराने मोठ्या भक्षक पेशी, गोल केंद्रक असलेल्या लहान पेशी, चिकट द्रव करणाऱ्या लांबट पेशी आणि पिवळ्या पेशी. अमेरिकेत एडविन कूपर यांनी १९६० च्या दशकात दाखवले, की एका गांडुळाच्या अंगावर दुसऱ्या जातीच्या गांडुळाची कातडी जोडली तर ती टिकत नाही. आपले कोण आणि परके कोण हे गांडुळाला कळते, आणि ते कळण्यात या पेशींचा हात असतो.

पेशी आधी बोलते, पीक नंतर

मग सरांनी मेटाकुटीला आलेल्या बेडमधले गांडूळ घेतले. त्याने पाणी अगदी कमी सोडले, कारण बरेचसे आधीच सांडून बसले होते. थेंबात पेशी विरळ होत्या. काही फुटलेल्या, दाणे इकडेतिकडे विखुरलेले.

"तांब्यानेच झालं का?" मी विचारले.

सरांनी सरळ सांगितले, की चार गांडुळांवरून तसे म्हणता येणार नाही. ड्रममध्ये आणखी काय काय कालवले गेले होते, कोणास ठाऊक. पण तांबे आणि गांडूळ यांचे वैर मात्र जुने आणि तपासलेले आहे. पुढचा भाग द्राक्षवाल्यांनी नीट वाचावा.

प्रत्येक पेशीत पचनाच्या बारीक पिशव्या असतात. १९९६ साली इंग्लंडमधील संशोधकांनी एक सोपी तपासणी प्रसिद्ध केली. गांडुळाच्या देहगुहा पेशींना एक लाल रंग द्यायचा. निरोगी पेशी तो रंग पिशवीत भरून ठेवते आणि बराच वेळ बाहेर सांडू देत नाही. गांडूळ तांबे असलेल्या मातीत राहिलेले असेल, तर पिशवीचे आवरण कमकुवत होते आणि रंग लवकर गळतो. मातीत तांबे जितके जास्त, तितका रंग टिकण्याचा वेळ कमी. गांडूळ जिवंत आहे, हलते आहे, बाहेरून धडधाकट दिसते आहे, तरी पेशी सांगते की काहीतरी बिघडले आहे. पान पिवळे पडायच्या आत, उत्पन्न घटायच्या आत मिळणारी ही खबर आहे.

शिसे, जस्त, कॅडमियम यांसारखे धातू पिवळ्या पेशी आपल्या दाण्यांत बांधून ठेवतात, म्हणजे ते इतर अवयवांना बाधत नाहीत. पण कोठाराला मर्यादा असते. तांबे तर गांडुळाला थोडे लागतेही, मात्र मात्रा ओलांडली की गांडुळांना अतिशय मारक ठरणाऱ्या धातूंत त्याची गणना होते. आधी अंडकोष घालणे कमी होते, मग पिले कमी होतात. मोठी गांडुळे डोळ्यांदेखत मरत नाहीत, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. संख्या गुपचूप खाली येते.

इंग्लंडमध्ये सफरचंदाच्या ज्या बागांना वर्षानुवर्षे तांब्याच्या फवारण्या झाल्या, तिथे १९६० च्या दशकात असे दिसले की जमिनीवर पडलेला पाला कुजतच नव्हता. त्याचा गादीसारखा थर साचला होता, कारण पाला ओढून खाली नेणारी गांडुळेच उरली नव्हती. आपल्या बागेत गेल्या वर्षीचा पाला बोदावर तसाच पडून आहे का, हे ज्याने त्याने एकदा जाऊन बघावे.

बोर्डोला शिव्या देऊ नका, हिशेब ठेवा

बोर्डो मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागातले. मिलार्दे यांनी १८८५ साली ते केवड्यावर, म्हणजे आपण ज्याला डाऊनी म्हणतो त्यावर, प्रसिद्ध केले. तेव्हापासून जगभरच्या द्राक्षबागा त्याने वाचवल्या. नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नरकडे डाऊनीने बाग कशी रात्रीत जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको. बोर्डो स्वस्त आहे, घरी करता येते. त्यामुळे ते बंद करा, असे मी म्हणणार नाही. म्हणणे एवढेच, की मोरचूद मोजून वापरावे. कारण इतर बरीच औषधे काळाच्या ओघात विघटित होतात, तांबे मात्र धातू आहे. ते कुजत नाही, उडून जात नाही. बापाने फवारलेले तांबे पोराच्या जमिनीत शिल्लक असते.

हिशेब सोपा आहे. मोरचुदात साधारण एक चतुर्थांश तांबे असते. म्हणजे १ किलो मोरचुदात सुमारे २५० ग्रॅम. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद व १ किलो चुना. एकरी २०० लिटर फवारले तर २ किलो मोरचूद, म्हणजे अर्धा किलो तांबे एका फवारणीत. अर्धा टक्का घेतले तर पाव किलो. कॉपर ऑक्सिक्लोराईडच्या ५० टक्के पावडरीत निम्मे तांबे असते, तेव्हा अर्धा किलो पावडर म्हणजे पाव किलो तांबे.

आता तुलना बघा. युरोपीय संघाने २०१९ पासून आपल्या शेतकऱ्यांवर मर्यादा घातली आहे. सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबे वापरायचे नाही. म्हणजे सरासरी वर्षाला हेक्टरी ४ किलो, एकरी साधारण १ किलो ६०० ग्रॅम. एक टक्का बोर्डोच्या २०० लिटरच्या तीन फवारण्या झाल्या की ही मर्यादा जवळ जवळ गाठली. हा नियम त्यांच्या शेतकऱ्यांना आहे, आपल्याला नाही. आपला निर्यातीचा माल मण्यावरच्या अंशाच्या तपासणीवर पास होतो, जमिनीत किती तांबे साचले ते कोणी विचारत नाही. म्हणूनच ते आपण स्वतः विचारायला हवे.

घाबरून जाण्याचेही कारण नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तांबे घट्ट धरून ठेवले जाते, आम्लधर्मी जमिनीइतके ते मोकळे होत नाही. पण घट्ट धरले म्हणजे संपले नाही. आणि बेडमध्ये ओतलेल्या ताज्या मिश्रणाला ही सबब लागू नाही. तिथे ते थेट गांडुळाच्या उघड्या कातडीला लागते.

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून देशभर दिली जाते. तिच्यात जस्त, लोह, मंगल, बोरॉन यांच्यासोबत तांब्याचाही आकडा असतो. आपण बहुतेक वेळा कमतरता कशाची एवढेच बघतो आणि पत्रिका घडी करून ठेवतो. जुनी आणि नवी पत्रिका शेजारी ठेवून तांब्याचा आकडा चढत चालला आहे का, ते बघावे. द्राक्षाच्या ओळीतली माती आणि त्याच शेतातल्या बिगर-द्राक्षाच्या तुकड्यातली माती वेगवेगळी तपासून घ्यावी.

सूक्ष्मदर्शक नाही? टोपली तर आहे

पेशी बघायला कॉलेज लागते. पण गांडुळाला काय वाटते, हे घरीही विचारता येते. प्रयोगशाळांतही ही चाचणी करतात, आणि तिला खर्च जवळपास नाही.

एक पसरट टोपले किंवा ट्रे घ्या. मधोमध पुठ्ठा उभा धरा. एका बाजूला बोदावरची माती, दुसऱ्या बाजूला त्याच शेताच्या बांधावरची, कधी औषध न पडलेली माती. दोन्ही सारख्या ओल्या करा, चिखल नको. पुठ्ठा काढा आणि मधल्या रेषेवर बेडमधली १० मोठी, धडधाकट गांडुळे सोडा. वर ओले गोणपाट टाकून सावलीत ठेवा. दोन दिवसांनी पुठ्ठा पुन्हा मध्ये घाला आणि दोन्हीकडची गांडुळे मोजा. अशी चार-पाच टोपली एकदम लावा, एकावर भरवसा नको. दोन्हीकडे साधारण सारखी असतील तर ठीक. दहांपैकी दोनसुद्धा बोदाच्या मातीत राहिली नसतील, तर ती माती गांडुळाने नाकारली असे समजा आणि मातीची तपासणी करून घ्या.

दुसरी पद्धत याहून सोपी. भाद्रपदात, जमीन ओली असताना, एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असा खड्डा बोदावर आणि तसाच बांधावर घ्या. गोणपाटावर माती पसरून गांडुळे मोजा. उन्हाळ्यात मोजू नका, तेव्हा ती खोल गेलेली असतात. आकडा वहीत लिहून ठेवा. एका वर्षाच्या आकड्यापेक्षा तीन वर्षांचा आकडा जास्त बोलतो.

काय करावे, काय टाळावे

गांडूळखताच्या बेडवर टाकायचा पाला कुठून आला, त्यावर शेवटची फवारणी कोणती व कधी झाली, हे विचारल्याशिवाय तो टाकू नये. शंका असेल तर आधी मूठभर पाला व शेण एका डब्यात घालून पाच गांडुळे सोडावीत आणि दोन-तीन दिवस वाट पाहावी. माझे हे डब्याचे काम राहिले, म्हणून नानांचा बेड गेला.

ताजे शेण, कोंबडीखत थेट घालू नये. त्यातल्या अमोनियाने आणि उष्णतेनेही गांडुळे असेच पिवळे पाणी सोडतात. पंधरा-वीस दिवस कुजवून, थंड करून मगच घालावे. म्हणजे पिवळे पाणी दिसले की लगेच मोरचुदाचे नाव घेऊ नये, आधी बेडमध्ये हात घालून तो गरम आहे का ते पाहावे.

गांडुळे कोमट पाण्यात ढवळून त्यांचा 'अर्क' काढण्याची एक पद्धत काही ठिकाणी सांगतात. वर वाचले ते ध्यानात घ्या. त्या पाण्यात गांडुळाचे राखणदार वाहून जातात, आणि ते पुन्हा पुरेसे तयार व्हायला काही आठवडे लागतात. व्हर्मीवॉश हवे असेल तर बेडमधून सावकाश झिरपलेले पाणी घ्यावे.

फवारणीचे मिश्रण लागेल तेवढेच करावे. ड्रम व पंप धुतलेले पाणी ढिगावर, नाल्यात, विहिरीच्या काठाला ओतू नये. ते पातळ करून त्याच बागेतल्या वेलींवर फवारून संपवावे. प्रत्येक फवारणीला किती मोरचूद गेले, याचा आकडा छाटणीच्या वहीत तारखेसह लिहावा. वर्षअखेर बेरीज करावी आणि चाराने भागावी. तेवढे किलो तांबे आपण जमिनीला दिले.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही एक विनंती. गावात सार्वजनिक पाण्याच्या टाकीवर, हौदावर, ओढ्याच्या काठी पंप धुण्याची सवय आहे. तिथे एक पाटी आणि एक पक्की, पाणी ओढ्यात न जाणारी जागा करून दिली तर मोठे काम होईल. अनुदानातून गांडूळखताचे शेड देताना, शेडच्या शेजारी औषध कालवण्याची जागा नाही ना, एवढे पाहून मगच जागा मंजूर करावी. कागदावर बेड किती झाले याची मोजणी होते. सहा महिन्यांनी त्यात गांडुळे किती उरली, तीही एकदा व्हावी.

नानांचा खड्डा

बेड रिकामा करून नानांनी नव्याने भरला. चांगल्या बेडमधली गांडुळे त्यात सोडली. ती टिकली.

भाद्रपदात पुन्हा गेलो तेव्हा आम्ही दोघांनी खड्डे घेतले. बांधावरच्या खड्ड्यात नऊ गांडुळे निघाली. वीस वर्षांच्या जुन्या बागेत, बोदावरच्या खड्ड्यात एकही नाही. नाना बराच वेळ गोणपाटावरची माती बोटांनी चाळत राहिले. मग म्हणाले, "भाऊसाहेब, बेडमधली मेली ती दिसली. इथली कधी गेली, ते कळलंच नाही."

त्या खड्ड्यावरून तांब्यालाच दोष देता येणार नाही. तणनाशक, ट्रॅक्टरच्या चाकांनी दबलेली जमीन, उघडी माती, अशी कारणे अनेक असू शकतात. मातीचा नमुना तपासणीला दिला आहे. यंदा नानांनी दोन ओळींमध्ये ताग पेरला आहे, बोदावर पाचटाचे आच्छादन टाकले आहे, आणि पंप धुण्याची जागा हलवली आहे. शेडच्या भिंतीवर त्यांच्या नातवाने खडूने मोरचुदाचा हिशेब मांडायला घेतला आहे.

शेतकरी बंधूंनी या भाद्रपदात आपापल्या बागेत हे दोन खड्डे जरूर घ्यावेत आणि आकडे लिहून ठेवावेत. बोदावरचा खड्डा रिकामा निघाला तर आकडा व मातीचा नमुना घेऊन जवळच्या कृषी कार्यालयात यावे. बेड भरण्यापूर्वी पाल्याविषयी शंका असेल तर तेही विचारावे. ढिगावर काय काय ओतले आहे, हा प्रश्न आता मी सर्वांत आधी विचारतो.